ओळख न देणाऱ्या मॅडम

गाडेकर मॅडमनी भर गाडीत मला ओळख दिली नाही तेव्हा आधी हायसं वाटलं, आणि करंजीचा घाट मागे पडेपर्यंत अंगाचा तिळपापड झाला. दोन्ही खरं. आता त्या येत नाहीत, पण गुरुवारी नगरहून सकाळची गाडी सुटली की ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीकडं माझी नजर जातेच.

मी एसटीत कंडक्टर. नगर-पाथर्डी, पाथर्डी-नगर. संशय घेणं हा माझ्या पोटापाण्याचाच भाग आहे. बाई म्हणते पोरगं चार वर्षांचं हाय, तेव्हा मी बाईकडं बघत नाही. पोरालाच विचारतो, "कितवीला रे तू?" पोरगं छाती काढून सांगतं, "तिसरीला!" आणि आई त्याला चिमटा काढते. असं वर्षानुवर्षं केलं की माणसाचं डोकं तसंच होतं. घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी मला वाटतं, ह्यात काहीतरी आहे.

मॅडमवर तर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. पन्नाशीची बाई, सुती साडी, पायात पोरांचे असतात तसे पांढरे बूट, आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत थर्मास. दर गुरुवारी नगरला चढायच्या, पाथर्डीला उतरायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. चढल्या चढल्या म्हणायच्या, "राम राम मास्तर. आज गर्दी दिसतेय." गाडीत चार माणसं असली तरी हेच. पहिल्यांदा मला वाटलं टोमणा मारतायत. मग कळलं, ही त्यांची थट्टा करायची पद्धत. गाडी रिकामी असली की त्या हे वाक्य जास्तच गंभीर होऊन म्हणायच्या.

आणि बोलायच्या किती! आमचे ड्रायव्हर नाना, त्यांचा गुडघा कसा आहे हे विचारल्याशिवाय मॅडम बसायच्या नाहीत. मेंढ्यावाला चढला की मेंढ्यांचं, माळव्याची, म्हणजे भाजीची, पाटी घेऊन म्हातारी चढली की वांग्याचं. ती म्हातारी उतरताना मॅडमच्या पिशवीत दोन वांगी टाकून जायची. मॅडम ती संध्याकाळी नगरला नेतात का वाटेत कुणाला देतात, ह्यावरही माझं लक्ष असायचं. नेतात, हे मी पाहिलंय.

एवढ्या बोलक्या बाईचं पाथर्डीत काम काय? तर बोलणं! बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे, तिच्या वरच्या मजल्यावर खोली. पाटीवर "समुपदेशन" असं लिहिलेलं. तो शब्द कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून लोक म्हणायचे "बोलायच्या मॅडम". तिथं नवरा-बायको जातात, दार बंद होतं, घंटाभरानं बाहेर येतात. हातात औषधाची पुडी नाही, दंडाला इंजेक्शनचा बोळा नाही. मग आत झालं काय?

स्टँडवर ह्याची उत्तरं भरपूर होती. कुणी म्हणायचं सरकारी पाहणी आहे, कुणी म्हणायचं काडीमोड करून देणारी बाई आहे. एक ऊसतोडीचा मुकादम तर छातीवर हात ठेवून सांगायचा, "आमच्या गावची एक जोडी गेलती. म्हयन्याच्या आत येगळी राह्याला लागली!"

"येगळी? एकमेकांपासून?" मी विचारलं.

"न्हाई. आईबापापासून."

तरी तो सांगत होता तेव्हा सगळ्यांनी माना हलवल्या, मीसुद्धा. बाईंचं स्वतःचं लग्न झालंय का नाही हेही कुणाला माहीत नव्हतं. गळ्यात काही दिसायचं नाही. नवऱ्याचं नाव त्या कधी काढायच्या नाहीत. माझ्या मनानं घेतलं होतं, ही बाई काहीतरी लपवतेय.

आणि मग त्यांच्या दारात जायची पाळी माझ्यावरच आली.

सांगायला जड जातं, पण सांगितल्याशिवाय मॅडम कळणार नाहीत. आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि नवरा-बायकोत जे असतं ते आमच्यात झालंच नव्हतं. मी जवळ गेलो की संगीताचं अंग आखडायचं, ती दात-ओठ आवळून पडायची, डोळ्यांतून पाणी. मी मागं सरायचो. पुढं पुढं तर माझंही काही जमेना. दोघंही तोंड फिरवून झोपायचो. बाहेर कुणाला हे ठाऊक नाही, आणि घरात आई रोज विचारणार, "काय गं, काय न्हाई का अजून?" शेजारणी, मावश्या, आत्या, सगळ्यांच्या नजरा संगीताच्या पोटावर. शेवटी तिच्या मामांनी निरोप धाडला, दिवाळी झाली की येतो, बसून काय तो सोक्षमोक्ष लावू. आईलाही तेच हवं होतं. तिनं एका ठिकाणी दुसऱ्या मुलीची चौकशीसुद्धा करून ठेवली होती.

आईनंच आम्हाला नगरला बायकांच्या डॉक्टरणीकडं नेलं, मूल होत नाही म्हणून. डॉक्टरणीनं आईला बाहेर बसवलं, संगीताला चार प्रश्न विचारले, तिच्या परवानगीनं हळूच तपासलं आणि सांगितलं, शरीरात खोट नाही, तुम्ही दोघं गाडेकर मॅडमना भेटा. पाथर्डीत गुरुवारी असतात.

मी म्हटलं, मेलो! सकाळी जिला तिकीट द्यायचं, दुपारी तिच्यापुढं हे सांगायचं? तालुक्याची निम्मी माणसं माझ्या गाडीतून जातात. एक शब्द फुटला तर मला खाकी घालून गाडीच्या दारात उभं राहता येणार नाही. मी संगीताला साफ नाही म्हणून सांगितलं.

संगीता आवाज चढवणाऱ्यातली नाही. पदरानं हात पुसत म्हणाली, "तुमी न्हाई आलात तर मी एकली जाईन. आन् तेबी नको म्हनलात, तर दिवाळीला मामा न्यायला आल्यावर मी अडून बसनार न्हाई. मग तुमी बघा आन् तुमची आई बघा."

पुढच्या गुरुवारी गेलो. गाडी संध्याकाळपर्यंत पाथर्डीत थांबते, तेवढा वेळ होता. खाकी शर्ट काढून साधा घातला. संगीता तिसगावच्या जीपनं आली, हातात दळणाचा डबा. ही युक्ती डॉक्टरणीनंच सांगितलेली. वर जाणारी सगळीच जोडपी डबा घेऊन यायची, खाली ज्वारी द्यायची, दळण होईपर्यंत वर. आई घरी म्हणत होती, "गावात गिरनी असताना पाथर्डीला दळान? डोस्की फिरली का तुमची?" संगीता म्हणाली, "तिथं बारीक दळत्यात आत्या." आईचा विश्वास बसला नाही. संशय आमच्या घराण्यातच आहे.

खोलीत तीन खुर्च्या, एक टेबल, मातीचा माठ. गिरणीच्या आवाजानं जमीन थरथरत होती. मी म्हटलं, ही काय जागा? मॅडम म्हणाल्या, "मुद्दाम घेतली. इथलं बोलणं जिन्यातसुद्धा ऐकू जात नाही." त्यांनी मोबाईल आमच्यासमोर बंद करून टेबलाच्या खणात टाकला. मी खणाकडं बघत बसलो. त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी खण उघडून मोबाईल माझ्या हातात दिला. "तुम्हीच धरा, अशोकराव." बंदच होता.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला अजून पाठ आहे, कारण प्रत्येक वाक्यात मी खोट शोधत होतो. म्हणाल्या, इथं कुणी कपडे काढत नाही, कुणी कुणाला हात लावत नाही. मी तपासत नाही, औषध देत नाही. आपण फक्त बोलायचं, कधी तिघं, कधी एकेकटं. तुमचं बोलणं मी बाहेर नेणार नाही. कुणाच्या जिवालाच धोका असेल तर मदत आणावी लागेल, आणि तेही शक्य तोवर तुम्हाला सांगून. ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तिथं नुसतं "पुढं चला" म्हणायचं.

"हे तर माझंच वाक्य हाय," मी म्हटलं.

"तुमच्याकडूनच उचललंय," मॅडम म्हणाल्या. तेव्हा संगीता हसली. त्या खोलीत शिरल्यापासून पहिल्यांदा.

पण मी हसलो नाही. मी विचारलं, "किती फेऱ्यांत काम व्हईल?"

"ते आज सांगता येणार नाही. काही आठवड्यांनी आपण बघू फरक पडतोय का. नाही पडला तर मी दुसऱ्या कुणाचं नाव देईन. आणि सुरुवातीला कदाचित भांडणं वाढतील. घाबरू नका."

म्हणजे कामाची खात्री नाही, वर भांडणं वाढणार! आमच्याकडं जत्रेत तंबू ठोकून बसणारा वैदूसुद्धा ह्यापेक्षा जास्त आशा लावतो. मी सरळच विचारलं, "मॅडम, तुमचं लग्न झालंय का?"

संगीतानं माझ्या पायावर पाय दिला. मॅडम म्हणाल्या, "नाही."

"मग तुमाला आमचं काय कळनार?"

"काहीच कळत नाही अजून. म्हणून तर विचारते. तुमच्या खोलीच्या दाराला कडी आहे का?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "कडी?"

"आतून लावायची. आहे?"

नव्हती. आमच्या घरी आतल्या खोल्यांना कड्या नसतात, कुणाच्याच. आतल्या खोलीत ज्वारीच्या कोठ्या, वर मडकी, कोनाड्यात मिठाची बरणी. आई केव्हाही आत यायची, दिवसा, रात्री. रात्री तर हमखास, सकाळच्या भाकरीच्या पिठात घालायला मीठ काढून ठेवायला. बोलता बोलता संगीतानंच ते सांगितलं. खाली बघत म्हणाली, "लग्नाच्या पयल्या राती आत्या दोनदा आल्या. घर पाव्हन्यांनी भरलेलं. मी तवापासून दाराकडंच बघत असते. हे काय करत्यात तिकडं माझं ध्यानच नसतं."

दोन वर्षांत हे मला तिनं सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "अंगाला भीतीची सवय लागलीय. डोळ्यापाशी बोट आणलं की पापणी मिटते ना, मुद्दाम कुणी मिटत नाही. तसं होतंय तुमचं. तुमचा त्यात दोष नाही, अशोकरावांचाही नाही. ही सवय मोडता येते, पण घाई करून नाही." मग त्यांनी घरचा अभ्यास दिला. कडी लावा. मिठाची बरणी बाहेर काढा. आणि मी सांगेपर्यंत "ते" करायचा प्रयत्न बंद. अजिबात नाही. रोज थोडा वेळ शेजारी बसून हातात हात घ्यायचा आणि दिवसभराचं बोलायचं, बास. शिवाय मीही एकदा डॉक्टरला दाखवून साखर, बीपी तपासून यायचं.

बघा आता! ज्यासाठी आलो तेच करू नका म्हणणारी बाई! मला वाटलं, हिचं आणि रक्त तपासणाऱ्याचं साटंलोटं आहे. जिना उतरताना मी संगीताला म्हटलं, फसवाफसवी हाय सगळी. मग तिच्याकडं बघितलं. कित्येक महिन्यांनी तिचे खांदे सैल दिसत होते.

हो, निघताना मॅडमनी आणखी एक सांगितलं होतं. "रस्त्यात, गाडीत, बाजारात भेट झाली तर मी तुम्हाला ओळख देणार नाही. राग मानू नका. तुम्ही दोघांनी आधी ओळख दिलीत तरच मी देईन. हे गुपित तुमचं आहे, माझं नाही."

तर तो पुढचा गुरुवार. मॅडम चढल्या. नानांना म्हणाल्या, "गुडघा काय म्हणतो?" आणि माझ्यापुढं नोट धरून, खिडकीबाहेर बघत, "एक पाथर्डी." राम राम नाही, गर्दी नाही. बायकांचं अर्धं तिकीट मी काढून दिलं आणि हायसं वाटलं, बाई शब्दाला जागली. मग घाटात वाटायला लागलं, एवढी काय तोंड फिरवायची गरज? मी काय गुन्हा केलाय? करंजीला माणसं चढली उतरली, पण माझं त्यांच्याकडं लक्ष नव्हतं.

कडी मी तिसगावच्या बाजारातून आणली. आई उंबऱ्यात बसून बघत होती. पहिला स्क्रू बसला तशी म्हणाली, "कुनापासून लावतोयस रं कडी? माझ्यापासून?" मी दुसरा स्क्रू घेतला. संगीतानं मिठाची बरणी उचलली, चुलीशेजारच्या फळीवर ठेवली आणि म्हणाली, "आत्या, रातीचं अंधारात येता, कोठीला पाय लागून पडाल. हितं हाताशी ऱ्हाईल." आई तीन-चार दिवस माझ्याशी बोलली नाही. संगीताशी मात्र बोलत होती, मीठ खरंच हाताशी आलं होतं.

मॅडम म्हणाल्या होत्या तसं भांडण झालंच. हातात हात घेऊन बोलायला बसलो की संगीताचं दोन वर्षांचं साचलेलं बाहेर यायचं. मी चिडायचो, उठायचो. कडी काढायला हात जायचा आणि वाटायचं, बाहेर आई आहे, आता तोंड पाडून कसं जायचं? परत येऊन बसायचो. त्या कडीनं मला किती वेळा खोलीत कोंडलं!

मॅडमची एक सवय मला फार खटकायची. वीज गेली आणि गिरणी थांबली की त्या बोलणं जागच्या जागी तोडायच्या. एकदा संगीता फार मोठ्या मुश्किलीनं काहीतरी सांगत होती, लग्नाआधी मैत्रिणींनी तिला पहिल्या रात्रीबद्दल काय काय भयंकर सांगून घाबरवलं होतं त्याचं. सांगता सांगता रडायला लागली, आणि खालची घरघर बंद. मॅडम एकदम म्हणाल्या, "यंदा मेथी कशी आहे हो तुमच्याकडं?"

माझं डोकंच फिरलं. माझी बायको रडतेय आणि ही बाई मेथी विचारते! मी तोंड उघडणार तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, "अगं बया, किती येळ गं लाईट यायला?" आमच्या गल्लीतली चुलत चुलती! इथं बारीक दळतात हे आईकडून ऐकून खाली दळणाला आलेली, उकडतं म्हणून जिन्याच्या पायरीवर येऊन बसली होती. मी जिन्याकडं पाठ फिरवली. संगीतानं पदरानं तोंड पुसलं. मॅडम मेथीवरून शेपूवर, शेपूवरून शेंगदाण्याच्या कुटावर गेल्या, स्वतःच विचारायच्या आणि स्वतःच उत्तर द्यायच्या, चांगल्या तब्येतीत. वीज आली, गिरणी घरघरली, तशा थर्मासमधला चहा संगीतापुढं ठेवून म्हणाल्या, "हं. मैत्रिणी काय म्हणाल्या?" जिथं तुटलं होतं बरोबर तिथूनच. चुलती पीठ घेऊन जाईपर्यंत त्यांनी आम्हाला खाली सोडलं नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा मनात म्हटलं, बाई पक्की आहे.

पण खरा घोळ झाला तो त्यांच्या त्या ओळख न देण्यानं.

नानांची नजर आरशात असते, रस्त्यावर कमी. एका गुरुवारी स्टँडवर चहा पिताना म्हणाले, "अशोक, एक गंमत बघ. ह्या मॅडम समद्यांशी बोलत्यात. पन त्यो दुधवाला हाय ना, त्याच्याशी आधी बोलायच्या, आता न्हाई बोलत. त्या तिसगावच्या शाळामास्तरांशीबी न्हाई. आन् त्या दोघांनाबी बायकूसंगट लोकांनी गिरनीवर बघितलंय." चहाचा घोट घेतला. "म्हंजे ज्याच्याशी बोलत न्हाईत त्यो गिऱ्हाईक!"

मी चहाचे पैसे द्यायला खिशात हात घातला.

"तुझ्याशीबी हल्ली बोलत न्हाईत रं. का बरं?"

"सुट्ट्या पैशावरनं वाजलं आमचं," मी म्हटलं. जगातल्या कुठल्याही कंडक्टरला हे उत्तर झोपेतसुद्धा देता येतं. पण नाना माझ्याकडं बघतच राहिले. आणि ती गंमत त्यांनी एकट्यापुरती ठेवली असेल? छे! दोन गुरुवारांत स्टँडवर खेळच झाला. मॅडम उतरल्या की टपरीवरची माणसं बघायची, कुणाला राम राम घालतात, कुणाकडं बघत नाहीत. नगरसारख्या शहरात कुणी कुणाला ओळख दिली नाही तर कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्याकडं माणूस बांधावरनं जाताना दोन शेतांपलीकडच्याला हाक मारतो. तिथं न बोलणं म्हणजे कपाळावर शिक्का!

दुपारी मी जिना चढलो तो तावातच. बसलोसुद्धा नाही. "मॅडम, तुमच्या नियमानं तुमी आमाला बुडवलंत! समद्या गाडीशी बोलायचं आन् माझ्याकडं पाठ करायची? लोकांनी वळखलं की!" सगळं सांगितलं, नानांचं, टपरीचं.

मॅडमचा चेहरा उतरला. एवढी हुशार बाई, पण हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. उठून माठातलं पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "माझं चुकलं. मी हे नगरला शिकले, तिथं चालून जातं. इथं नाही चालत. मला कळायला हवं होतं."

"मग आता माझ्याशीबी बोला की! समद्यांशी बोला, मिटलं!"

"तुम्हाला चालेल, अशोकराव. पण गाडीत दुसरंही कुणी असतं. मी आपणहून राम राम केला तर तिथल्या तिथं गळून जाईल, अशी माणसं आहेत. त्यांना मी शब्द दिलाय."

"मग कसं?"

"बघते मी," म्हणाल्या आणि खुर्ची पुढं ओढली. "बसा. हात हातात घेण्याचं कुठवर आलं?"

पुढच्या गुरुवारी नगरला चढल्या. नानांनी सवयीनं मान वळवली, गुडघा पुढं केला. मॅडम काही बोलल्या नाहीत. सरळ जाऊन खिडकीशी बसल्या. म्हातारी वांग्याची पाटी घेऊन चढली, "काय मॅडम?" म्हणाली. मॅडमनी नुसती मान हलवली, ती हलली का नाही हे कळू नये इतकीच. मेंढ्यावाला, कॉलेजची पोरं, मी, नाना, सगळे सारखे. "एक पाथर्डी." बास.

त्यांनी सगळ्यांचीच ओळख सोडून दिली होती.

टपरीवरचा खेळ पंधरवड्यात बंद पडला. कुणाशीच बोलत नाहीत म्हटल्यावर ओळखायचं कुणाला? पण मॅडमचं नाव गेलं. "बोलायच्या मॅडम"च्या "शिष्ट मॅडम" झाल्या. नानांच्या तर जिव्हारी लागलं. "शिकलेल्या बायांचं असंच. काम हाय तवर गुडघा, मग कोन तुमी?" म्हातारीनं पिशवीत वांगी टाकणं बंद केलं. मी तिकिटाचं मशीन घेऊन गाडीत फिरताना बघायचो, मॅडम खिडकीतून बाहेर बघत असायच्या, आणि कुणी शेजारी पोराबाळांचं, पिकापाण्याचं बोलायला लागलं की त्यांचा कान तिकडं असायचा. बोलायची किती हौस त्या बाईला! मला फार वाईट वाटायचं. बोलून टाकावं वाटायचं, आणि बोललो तर मीच उघडा पडणार. मी तिकीट फाडायचो आणि पुढं सरकायचो.

दिवाळी झाली. मामा आले, बरोबर दोन जाणती माणसं. आई नवं लुगडं नेसून बसली. तोवर आमचं काय झालं होतं? खरं सांगायचं तर सगळं काही झालं नव्हतं. पण संगीता माझ्याजवळ आली की आता दाराकडं बघत नव्हती. डॉक्टरणीनं तिला काही व्यायाम दिले होते, ते ती तिच्या चालीनं करत होती. मी घाई सोडली होती. बाकीचं आमचं आम्हाला.

मामांनी घसा साफ केला. "तर मंडळी, पोरीचं काय करायचं?"

एरवी बैठकीत बायका आतून ऐकतात. संगीता बाहेर आली, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "माझं मलाच इचारा मामा. मी हितंच ऱ्हानार हाय. आमच्या दोघांत जे हाय ते आमी बघतोय. लेकराची घाई ज्यांना हाय त्यांनी दम धरावा."

आई म्हणाली, "आन् अशोक? तुझं काय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "तिचं तेच माझं." मामांनी चहा मागितला. बैठक चहावर संपली. आईनं मात्र त्या रात्री नवं लुगडं घडी घालताना ते चार वेळा झटकलं.

पुढं उन्हाळ्याच्या तोंडाला आम्ही मॅडमकडं शेवटचं गेलो. मी काही सांगितलं नाही, संगीतानंही नाही. मॅडमनी दोघांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आता दळण गावातच दळा." जिना उतरलो तेव्हा संगीता रडत होती आणि हसतही होती.

त्यानंतर वर्षभरानं गिरणीवाल्याकडून कळलं, मॅडमनी खोली सोडली, त्याच दिवशी संध्याकाळी त्यांची शेवटची फेरी. नेमकी त्याच गाडीत आई आणि संगीता होत्या, आईचे डोळे दाखवायला नगरला मुक्कामी निघालेल्या. पाथर्डीला मॅडम चढल्या. खांद्याला तीच पिशवी, हातात मातीचा माठ. गाडीत सात-आठच माणसं. आई मोठ्यानं म्हणाली, "हीच का ती शिष्ट बाई?"

संगीता उठली. बाकावर सरकून जागा केली. "मॅडम, हितं बसा माझ्यापाशी."

मॅडम थांबल्या. संगीताकडं बघितलं, पण उत्तर दिलं नाही. मग माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात मशीन, गाडीतली सगळी तोंडं आमच्याकडं, नाना आरशात. आई पुटपुटली, "बघ, किती गर्व! लेकरू जागा देतंय तर बोलंना." आणि माझ्या डोक्यात त्यांचं वाक्य आलं. तुम्ही दोघांनी. दोघांनी ओळख दिलीत तरच. एकट्या संगीतानं देऊन भागत नव्हतं. बाई शेवटच्या दिवशीसुद्धा माझी वाट बघत उभी होती, माठ कडेवर घेऊन.

मी म्हटलं, "राम राम मॅडम. बसा की. आपलीच मानसं हायेत."

मॅडमचा चेहरा असा खुलला की काय सांगू! त्यांनी रिकाम्या गाडीवरून नजर फिरवली आणि गंभीर होऊन म्हणाल्या, "राम राम मास्तर. आज गर्दी दिसतेय."

आई संगीताला कोपरानं ढोसत होती. "कोन गं ह्या तुझ्या?"

"मिठाची बरनी भाईर काढायला ज्यांनी सांगितली त्या."

आईनं मॅडमकडं खालून वर बघितलं. पांढऱ्या बुटांपासून माठापर्यंत. मग ती म्हणाली, "मला तवाच वाटलं हुतं, हे डोस्कं आमच्या अशोकचं न्हाई. बसा बाई. त्यो माठ द्या हिकडं, फुटंल." आणि नगर येईपर्यंत माठ तिच्या मांडीवर होता. दोघी कशावर बोलत होत्या मला ऐकू आलं नाही. मधेच मेथी ऐकू आली.

नगरला मॅडम उतरल्या, माठ घेतला, संगीताच्या हातावर हात ठेवला आणि स्टँडच्या माणसांत चालायला लागल्या. नाना स्टेअरिंगवरून माझ्याकडं वळले.

"सुट्टे पैसे, व्हय रं?"

"न्हाई नाना. मी जात हुतो त्यांच्याकडं. आमी दोघं."

नानांनी इंजिन बंद केलं. मग हळूच म्हणाले, "आन् मग माझ्याशी का बोलणं टाकलं त्यांनी? मी कुठं जात हुतो?"

"तुमी आमाला वळखायला लागला, म्हनून. एकट्या माझ्यापायी त्यांनी समद्यांशी बोलणं सोडलं."

नानांनी मला एक सणसणीत शिवी दिली, मला का स्वतःला ते कळलं नाही. दार उघडून अर्धे बाहेर लोंबकळले, तो दुखरा गुडघा तसाच, आणि स्टँड दणाणेल असे ओरडले, "ओ मॅडम! राम राम!"

सगळ्या फलाटानं वळून बघितलं, मॅडम सोडून. तेवढ्यात कुठली तरी गाडी हॉर्न देत मागे येत होती. पांढरे बूट दोन माणसांच्या मधून गेले, माठ दिसला, मग तोही दिसेना. नाना हात वर धरूनच राहिले.

"ऐकलं न्हाई का रं त्यांनी?"

"न्हाई बहुतेक."

नाना आत येऊन बसले. इकडं तिकडं बघितलं. फलाटावरची आमच्या रोजच्या ओळखीची माणसं अजून त्यांच्याकडंच बघत होती. नानांचा चेहरा हळूहळू बदलला.

"अशोक, त्यांनी मला वळख न्हाई दिली. समद्यांनी बघितलं. आता लोकांना वाटायचं, मीबी..."

"वाटू दे की नाना," मी म्हटलं आणि आईच्या हाताला धरून तिला खाली उतरवलं.